वायमियाचा राखणदार

हवाई बेटे म्हटली की निळाशार समुद्र, नारळीची बने, फुलांच्या माळा घालून होणारे स्वागत आणि लाटांवर लीलया तरंगणारे तरुण, असे चित्र पर्यटकांच्या डोळ्यांपुढे उभे राहते. हे चित्र खोटे नसले, तरी ते अर्धेच आहे. ओआहू बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरील वायमियाचा उपसागर उन्हाळ्यात एखाद्या तळ्यासारखा शांत असतो. हिवाळा आला की त्याचे रूप पालटते. उत्तर प्रशांत महासागरात, अल्यूशियन बेटांच्या परिसरात उठलेल्या वादळांनी ढवळलेले पाणी हजारो किलोमीटरचा प्रवास करून येथे पोहोचते आणि खोल समुद्रातून एकाएकी उथळ तळावर चढताना तीन-चार मजली इमारतीएवढे उंच उभे राहते. अशा या किनाऱ्यावर १९६८पर्यंत एकही जीवरक्षक नव्हता. त्या वर्षी होनोलुलूच्या प्रशासनाने तेथे जीवरक्षक नेमण्यास सुरुवात केली आणि पहिल्याच नेमणुकांमध्ये नाव होते विशी नुकतीच ओलांडलेल्या एडी आयकाऊचे. वायमियाचा तो पहिला जीवरक्षक ठरला.

पुढील दहा वर्षांत त्याने समुद्रातून बाहेर काढलेल्या माणसांची संख्या पाचशेहून अधिक मानली जाते. तो कामावर असताना वायमियात एकाही व्यक्तीचा बुडून मृत्यू झाला नाही, ही गोष्ट तेथे आजही अभिमानाने सांगितली जाते. मोठ्या लाटांवर स्वार होणारा धाडसी वीर म्हणून एडी जगभर प्रसिद्ध झाला. इतर कोणी समुद्रात उतरायला धजावले नसते तेथे एडी मात्र गेला असता, अशा अर्थाची घोषवाक्ये मोटारींवर आणि सदऱ्यांवर झळकू लागली. मात्र या घोषवाक्यांत न सामावणारी एक बाजू त्याच्या आयुष्याला होती. त्याचा रोजचा व्यवसाय इतरांना समुद्रात जाण्यापासून थांबविण्याचा होता.

पुरोहितांच्या खोऱ्याचा वारसा

एडवर्ड रायन माकुआहानाई आयकाऊ याचा जन्म ४ मे १९४६ रोजी माऊई बेटावरील काहुलुई येथे झाला. सहा भावंडांत तो तिसरा. आयकाऊ घराण्याची वंशपरंपरा हेवाहेवा या पुरुषापर्यंत जाते. हवाईची बेटे एका राज्याखाली आणणारा राजा पहिला कामेहामेहा याचा हेवाहेवा हा मुख्य पुरोहित होता. वायमियाचे खोरे हे पूर्वापार पुरोहितांचे खोरे. तेथील टेकडीवर जुन्या दगडी देवस्थानाचे अवशेष आजही पाहायला मिळतात. ज्या उपसागराची राखण एडीने पुढे केली, त्याच्याशी त्याच्या घराण्याचे नाते असे शतकाहून जुने होते.

लाटेवर स्वार होण्याची कलाही याच मातीतली, किंबहुना याच पाण्यातली. हवाईच्या भाषेत तिला ‘हेए नालू’ म्हणतात. राजे आणि प्रजा, स्त्रिया आणि पुरुष सारेच लाकडी फळ्यांवर लाटा झेलीत. १७७८ मध्ये कॅप्टन कुक येथे आला. त्यानंतर बाहेरून आलेल्या रोगांनी हवाईच्या लोकसंख्येचा मोठा भाग नाहीसा झाला. १८२०पासून आलेल्या मिशनऱ्यांना हा उघड्या अंगाचा खेळ रुचला नाही. १८९३ मध्ये राजसत्ता उलथविली गेली, १८९८ मध्ये बेटे अमेरिकेत विलीन झाली आणि १९५९ मध्ये त्यांना घटक राज्याचा दर्जा मिळाला. जमीन गेली, भाषा मागे पडली. मूळ हवाईयन माणसाला आपले म्हणता येईल असे जे थोडे उरले, त्यात समुद्र होता. बाहेरून आलेला सर्फर येथील लाटेवर कसा वागतो, याकडे स्थानिक इतक्या संवेदनशीलतेने का पाहतात, याचे उत्तर या इतिहासात आहे.

१९५९ मध्येच आयकाऊ कुटुंब ओआहूवर आले. होनोलुलूजवळील पाउओआ खोऱ्यातील एका चिनी स्मशानभूमीची देखभाल करायची आणि त्याबदल्यात तेथेच राहायचे, अशी त्यांची व्यवस्था होती. घरची परिस्थिती बेताची असली तरी दार मात्र सर्वांना उघडे असे. एडीने सोळाव्या वर्षी शाळा सोडली आणि अननस डबाबंद करण्याच्या कारखान्यात नोकरी धरली. त्या कमाईतून त्याने आपला पहिला सर्फबोर्ड घेतला.

वायमियाची भीती

त्या काळी वायमियाच्या नावाभोवती भीतीचे वलय होते. डिसेंबर १९४३ मध्ये दोन सर्फर काही अंतरावरील सनसेट किनाऱ्यावरून समुद्रात उतरले. लाटा एवढ्या वाढल्या की त्यांना तेथे परत येता येईना. वायमियाच्या बाजूने किनारा गाठावा म्हणून ते तिकडे वळले आणि त्या प्रयत्नात डिकी क्रॉस हा तरुण बुडाला. त्यानंतर कितीतरी वर्षे वायमियाच्या मोठ्या लाटांच्या वाटेला कोणी गेले नाही. १९५७ मध्ये काही कॅलिफोर्नियन सर्फरनी ही भीती मोडून काढली.

एडीचा दिवस उजाडला तो १९ नोव्हेंबर १९६७ रोजी. त्या दिवशी वायमियात आलेल्या लाटा त्या काळातील सर्वांत मोठ्या लाटांमध्ये गणल्या गेल्या. तोवर फारसा परिचित नसलेला हा हवाईयन तरुण त्या लाटांवर ज्या सहजतेने उतरला, ती पाहून अनुभवी सर्फरही थक्क झाले. पुरोहिताचा वंशज आपल्या खोऱ्याच्या पाण्यात परतला होता. दुसऱ्याच वर्षी त्याला जीवरक्षकाची नोकरी मिळाली.

समुद्र वाचणारा माणूस

सुरुवातीला सनसेटपासून हालेइवापर्यंतचे किनारे जीवरक्षकांना मिळून सांभाळावे लागत. पुढे वायमिया ही एडीची कायमची जागा झाली. आज या किनाऱ्यावर बचावकार्यासाठी जेट स्की वापरतात. एडीच्या काळात ती सोय नव्हती. सर्फबोर्ड, पायात घालायचे रबरी पंख आणि स्वतःचे दंड एवढ्याच भांडवलावर त्याला लाटा फोडून आत जावे लागे.

वायमियाचा धोका नवख्याला दिसत नाही, हीच तेथील खरी अडचण आहे. लाटा सारख्या येत नाहीत. त्या गटागटाने येतात. मोठ्या लाटांचा एक गट येऊन गेला की कित्येक मिनिटे पाणी शांत होते. नेमक्या याच वेळी पर्यटक किनाऱ्यावर येतो, समुद्र निवळला आहे असे समजतो आणि पाण्यात शिरतो. पुढचा गट येतो तेव्हा तो कमरेएवढ्या पाण्यात असतो. येथे लाट थेट वाळूवर आदळून फुटते. तिच्या तडाख्यात माणूस डोक्यावर आपटला तर मान मोडू शकते. किनाऱ्यावर चढलेले एवढे सारे पाणी समुद्रात परत जाण्यासाठी वाट शोधते आणि नदीसारखा एक परतीचा प्रवाह तयार होतो. त्यात सापडलेला माणूस घाबरून सरळ किनाऱ्याच्या दिशेने हात मारू लागतो. प्रवाहाशी झुंजताना त्याची शक्ती संपते आणि तो बुडतो. अंग सैल सोडून तरंगत राहावे, मदतीसाठी हात उंचावावा आणि किनाऱ्याला समांतर पोहत प्रवाहाच्या पट्ट्यातून बाजूला व्हावे, हा यावरचा साधा उपाय. पण भेदरलेल्या माणसाला तो सुचत नाही. तो आधीच ठाऊक असावा लागतो.

म्हणून या किनाऱ्यावर जीवरक्षकाचे खरे काम पाण्यात उडी घेण्याच्या कितीतरी आधी सुरू होते. समुद्राकडे पाहत राहणे, लाटांच्या दोन गटांतील अंतर मोजणे, प्रवाहाची वाट कोठे सरकली आहे हे हेरणे, त्याचबरोबर किनाऱ्यावर येणाऱ्या माणसांची चाल पाहणे आणि जो समुद्राकडे पाठ करून उभा आहे त्याला वेळीच हाक मारणे, हे ते काम. व्हिएतनाम युद्धाचे ते दिवस होते. ओआहूवर अमेरिकी लष्कराचे मोठे तळ होते आणि सुटीचा दिवस घालवायला आलेले कित्येक जवान हा समुद्र प्रथमच पाहत असत. त्यांचे आणि पर्यटकांचे प्राण ज्यांनी वाचविले, त्यांत एडीचे नाव अग्रभागी होते. केलेल्या कामाची कागदोपत्री नोंद करण्यात मात्र त्याला रस नसे. त्यामुळेच त्याने वाचविलेल्यांचा आकडा नेहमी अंदाजानेच सांगितला जातो. १९७१ मध्ये वर्षातील सर्वोत्कृष्ट जीवरक्षक म्हणून त्याचा गौरव झाला.

आज हवाईला जाणाऱ्या नवख्यांना जे नियम सांगितले जातात, त्यांचे सार या कामातच आहे. पाण्यात उतरण्यापूर्वी निदान काही मोठ्या लाटांचे गट येऊन जाईपर्यंत किनाऱ्यावर थांबून पाहावे. जीवरक्षकाला विचारावे. लाल निशाण किंवा धोक्याचा फलक दिसला तर पाण्यात शिरू नये. समुद्राकडे कधीही पाठ करू नये. मनात शंका असेल तर उतरूच नये. ज्याला साऱ्या जगाने धाडसाचे प्रतीक मानले, त्याच्या किनाऱ्यावरचा पहिला नियम थांबण्याचा आहे.

पाहुणा आणि यजमान

समुद्रातील सुरक्षेला आणखी एक बाजू आहे, ती परस्परांच्या मानाची. लाट जेथून फुटू लागते त्या शिखराच्या सर्वांत जवळ असलेल्या सर्फरचा त्या लाटेवर पहिला हक्क असतो. तो स्वार झाल्यावर दुसऱ्याने त्याच्यापुढे घुसू नये, आपला बोर्ड मोकळा सोडून देऊ नये, नव्या किनाऱ्यावर गेल्यास आधी कडेला थांबावे, पाळी येईपर्यंत वाट पाहावी, असा लाटांवरचा अलिखित शिष्टाचार आहे. हे नियम मोडले की अपघात होतात आणि अपघात झाला नाही तरी वैर नक्की येते.

पाहुणा म्हणून नाकारले जाण्याचा अनुभव खुद्द एडीलाही आला होता. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला तो एका स्पर्धेसाठी दक्षिण आफ्रिकेत दरबानला गेला. तेथे वर्णभेदाचा कायदा होता. गोरा नसल्यामुळे हॉटेलने त्याला खोली नाकारली. पुढे जगज्जेता झालेला सर्फर शॉन टॉमसन याच्या वडिलांनी तेव्हा त्याला आपल्या घरी नेले आणि कुटुंबातील माणसासारखे ठेवून घेतले.

काही वर्षांनी यजमानाची भूमिका एडीकडे आली. १९७५च्या हिवाळ्यात ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेच्या तरुण सर्फरनी ओआहूच्या उत्तर किनाऱ्यावरील मोठ्या स्पर्धा गाजविल्या. त्यांचे कौशल्य वादातीत होते. मात्र त्यानंतर त्यांच्यापैकी काहींनी नियतकालिकांतून ज्या आढ्यतेने आपली थोरवी मिरविली, ती हवाईयन माणसांच्या जिव्हारी लागली. या खेळाच्या जन्मभूमीतच त्यांचा पाणउतारा झाला, अशी त्यांची भावना झाली. १९७६ मध्ये ऑस्ट्रेलियाचा वेन बार्थोलोम्यू परतला तेव्हा सनसेटच्या पाण्यातच त्याला बेदम मारहाण झाली. त्याचे दात तुटले. त्याला आणि त्याच्या सहकाऱ्यांना जिवाच्या भीतीने लपून राहावे लागले. धमक्या ज्यांना आल्या, त्यांत शॉन टॉमसनही होता.

एडी आणि त्याचे कुटुंब या वेळी मध्ये पडले. हवाईयन परंपरेत ‘होओपोनोपोनो’ नावाची एक रीत आहे. बिघडलेले संबंध सर्वांनी एकत्र बसून, मनातले बोलून, चूक मान्य करून पुन्हा सरळ करायचे, असा तिचा अर्थ. उत्तर किनाऱ्यावरील एका हॉटेलात संतप्त स्थानिकांची मोठी सभा भरली आणि पाहुण्यांना तिच्यासमोर उभे करण्यात आले. कोणाचा मान कोठे दुखावला हे त्यांना ऐकवले गेले. त्यांनी ते ऐकून घेतले. एडीने त्यांच्या वतीने शब्द टाकला आणि त्यांना पुन्हा समुद्रात उतरण्याची मोकळीक मिळाली. स्थानिकांचा राग खोटा नव्हता आणि मारहाणही समर्थनीय नव्हती. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी समजून घेणारा माणूस तेथे होता, म्हणून त्या हिवाळ्यात कोणाचा जीव गेला नाही. पाण्यात त्याने अनेकांना वाचविले होते. ही सुटका त्याने कोरड्या जमिनीवर घडवून आणली.

१९७३ मध्ये त्याच्या वाट्याला मोठे दुःख आले होते. व्हिएतनामच्या युद्धातून जिवंत परतलेला त्याचा भाऊ जेराल्ड मोटार अपघातात मरण पावला. हा घाव एडीला बराच काळ पुरला. १९७७ मध्ये, बऱ्याच वर्षांच्या प्रयत्नांनंतर, त्याने ड्यूक कहानामोकू यांच्या नावाने भरणारी प्रतिष्ठेची स्पर्धा जिंकली. ड्यूक हे सर्फिंग जगभर नेणारे हवाईयन ऑलिंपिक जलतरणपटू. त्यांच्या नावाचा हा सन्मान धाकटा भाऊ क्लाइड याने १९७३ मध्येच मिळविला होता.

स्वातीच्या दिशेने

याच सुमारास हवाईत एक वेगळेच वारे वाहू लागले होते. हवाईयनांचे पूर्वज होकायंत्राशिवाय, केवळ तारे, वारा आणि लाटांच्या खुणांवरून हजारो किलोमीटर समुद्र ओलांडून या बेटांवर आले, हे सिद्ध करण्यासाठी पॉलिनेशियन व्हॉयेजिंग सोसायटी या संस्थेने ‘होकुलेआ’ नावाची जोडनौका बांधली. होकुलेआ म्हणजे आनंदाचा तारा. आपल्याकडे ज्याला स्वाती म्हणतात, तोच हा तारा हवाईच्या थेट माथ्यावरून जातो. १९७६ मध्ये मायक्रोनेशियातील सतावल बेटाचे माऊ पियाइलुग यांच्या मार्गदर्शनाखाली ही नौका ताहितीला पोहोचली, तेव्हा साऱ्या पॉलिनेशियात आनंदाची लाट उसळली. दुसऱ्या सफरीसाठी १९७८ मध्ये निवडलेल्या सोळा जणांत एडी होता. गिटारवर तो सुरेख वाजवीत असे. या नौकेवर त्याने एक गीतही रचले.

१६ मार्च १९७८ रोजी होनोलुलूहून होकुलेआ निघाली. वारा जोरात होता, समुद्र खवळलेला होता आणि नौकेवर महिन्याभराच्या प्रवासाच्या सामानाचा भार होता. सोबतीला दुसरे जहाज नव्हते. निरोपाला मोठा समुदाय जमला होता. मध्यरात्रीच्या सुमारास, मोलोकाई बेटाच्या दक्षिणेला, नौकेच्या एका बाजूत पाणी भरले आणि ती उलटली. सारी रात्र खलाशी पालथ्या नौकेला धरून राहिले. सकाळ झाली तरी मदतीचे चिन्ह दिसेना. वारा नौकेला बेटांपासून दूर लोटत होता. काही जणांची प्रकृती ढासळू लागली होती.

सुमारे २० किलोमीटरवर लानाई बेट होते. आपल्या बोर्डवरून वल्हवत तेथे जाऊन मदत आणतो, असे एडीने सुचविले. कप्तानाचे मन प्रथम तयार होईना. अखेर संमती मिळाली. दहा वर्षे तो ज्या कामासाठी ओळखला जात होता, त्याच कामाला तो निघाला होता. काही अंतरावर गेल्यावर वल्हवताना अडचण होते म्हणून त्याने जीवरक्षक जाकीट काढून टाकल्याचे सोबत्यांना दिसले. पुढची लाट उठली आणि तो दिसेनासा झाला.

त्याच दिवशी रात्री एका प्रवासी विमानाच्या वैमानिकाला नौकेवरून सोडलेला प्रकाशबाण दिसला आणि उरलेल्या पंधराही जणांची तटरक्षक दलाने सुटका केली. एडीसाठी हवा आणि पाणी दोन्हीकडून जो शोध झाला, तो हवाईच्या इतिहासातील तोवरचा सर्वांत मोठा होता. तो कधीच सापडला नाही. त्या वेळी त्याचे वय ३१ वर्षांचे होते.

उरलेला वारसा

एडीच्या मृत्यूनंतर सफरींची योजना मोडीत काढणे सोपे होते. संस्थेने ते केले नाही. चूक कोठे झाली याचा तिने विचार केला. खलाशांचे प्रशिक्षण कडक झाले, प्रस्थानाचा निर्णय समारंभावर न सोडता हवामानावर सोपविला जाऊ लागला आणि सोबत रक्षक जहाज घेण्याचा दंडक पडला. उलटलेल्या नौकेवर एडीसोबत असलेल्या नैनोआ थॉम्पसन यांनी १९८० मध्ये, कोणतेही उपकरण न वापरता, होकुलेआ ताहितीला नेली आणि परत आणली.

१९८०च्या दशकाच्या मध्यापासून एडीच्या नावाने मोठ्या लाटांची स्पर्धा सुरू झाली. तिचा नियम विलक्षण आहे. लाटांचा दर्शनी भाग सुमारे ४० फूट उंच असल्याशिवाय ती भरतच नाही. निमंत्रित सर्फर हिवाळाभर सज्ज असतात आणि बहुतेक वर्षे स्पर्धेविनाच सरतात. २०२४अखेरपर्यंत ती अवघी अकरा वेळा झाली. एडीच्या स्मरणार्थ भरणाऱ्या स्पर्धेतही आधी थांबावे लागते, समुद्राची अनुमती मिळेपर्यंत. वायमियातील पहिली स्पर्धा १९८७ मध्ये झाली आणि ती क्लाइडने जिंकली.

२२ जानेवारी २०२३ रोजी ती पुन्हा भरली. या वेळी प्रथमच स्त्रियाही त्यात उतरल्या. विजेता ठरला ल्यूक शेपर्डसन हा उत्तर किनाऱ्याचाच एक जीवरक्षक. त्या दिवशी तो कामावर होता. आपल्या फेरीपुरती सुटी घेऊन तो पाण्यात उतरे, लाटा घेई आणि पुन्हा किनाऱ्यावरील मनोऱ्यावर जाऊन बसे. त्याच्या विजयाची छायाचित्रे जगभर गेली. स्पर्धेच्या गर्दीत पाण्याच्या फार जवळ गेलेल्या लोकांवर मात्र त्या दिवशीही कोणीतरी मनोऱ्यावरून नजर ठेवून होते. एडीने वायमियाला दिलेली खरी देणगी ती नजर आहे.